वहिवाट

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
बंद चॅपलच्या पायरीशी आम्ही जमतो. सहाजण.
गेथिनची कंबर धरली असेल तर पाच.
हातगाडीत कोयते, करवत, फावडी,
खुंट ठोकायचा लोखंडी घण,
आणि एलुनेडचा थर्मास, ज्यातला चहा
तिच्याशिवाय कुणालाच आवडत नाही, पण सगळे पितात.

वाट पावणेदोन मैलांची.
चॅपलपासून ओढा, ओढ्यापासून चढण,
चढणीवर तुडुरची मेंढ्यांची कुरणं,
आणि शेवटी पाटीच्या दगडाची खाण,
जिच्या पाट्यांवर कुणी कुणी
काय काय गिरवून थुंकीनं पुसलं असेल.
खाण बंद. चॅपल बंद.
वेल्सच्या या कोपऱ्यात दोन बंद दारांमधली वाट
तेवढी आम्ही उघडी ठेवतो.

कशासाठी, असं माझ्या सुनेनं एकदा विचारलं.
मी नकाशा दाखवला: ही बघ, तुटक रेघ.
तुटक रेघेचं असं असतं,
मधल्या फटी पायांनी भराव्या लागतात.
ती हसली. पण पुढच्या नाताळात
तिनं मला जाड हातमोजे दिले.

उन्हाळ्यात नेचे छातीपर्यंत येतात.
रानबेरीच्या काटेरी फांद्या वाकून
पुन्हा जमिनीत तोंड खुपसतात
आणि तिथंच मुळं धरतात,
पाहुण्यानं हळूच दुसरीही बॅग उघडावी तशा.

कौन्सिलनं खालच्या फाटकाजवळ मोजणीचं यंत्र बसवलंय.
जुलैचा आकडा आला: एकोणीस.
इद्वलनं थर्मासच्या झाकणावर बोटानं हिशेब मांडला.
आम्ही सहा, जाऊन येऊन बारा.
चार मेंढ्या; एलुनेडनं स्वतः पाहिल्यात.
उरले तीन.
तीन म्हणजे विषम. कुणीतरी गेलं, आलं,
आणि पुन्हा गेलं ते या वाटेनं परतलंच नाही.
"खाणीत पडला असेल," गेथिन म्हणाला.
कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.

ऑगस्टमध्ये ओढा ओलांडून वळणावर आलो,
बाह्या सरसावून, कोयते परजून,
तर पुढे वाट मोकळी.
चांगली पन्नास पावलं. नेचे आडवे,
काटेरी फांद्या कापून कुंपणाशी नीट रचलेल्या.
आम्ही उभेच. खरं सांगते,
पहिल्यांदा आला तो रागच.
"थोडं आपल्याला ठेवायला काय झालं होतं,"
गेथिन पुटपुटला, आणि त्याची कंबर
तिथल्या तिथे दुखायला लागली.

इद्वलनं एक फांदी उचलून डोळ्यांशी नेली.
चाळीस वर्षं हा माणूस
बाजारात लोकरीची प्रतवारी करायचा.
काप अंगठ्यानं चाचपून म्हणाला,
"मेंढ्या कातरायची कात्री. हातानं चालवायची, जुनी."
पुढे काही बोलला नाही.
आम्हीही नाही.

वरच्या फाटकावर तुडुरची पाटी आहे,
अकरा वर्षांची: वळूपासून सावध.
वळू आजवर कुणी पाहिलेला नाही.
आमच्याशी तो दोनदाच बोललाय,
त्यातलं एक बोलणं वकिलामार्फत,
वहिवाटीच्या हक्काबद्दल.
वाऱ्यानं पाटीचा एक खिळा निखळून
ती मान खाली घालून लोंबत होती.

इद्वलनं खिशातून खिळा काढला.
मी पाटी सरळ धरली.
एलुनेडनं दोन पावलं मागे जाऊन
डावीकडे, अजून जरा, बस्स, असं सांगितलं.
एवढ्याशा कामाला घण फार मोठा,
म्हणून फावड्याच्या पाठीनंच
चार ठोके.

आता लांबूनही वाचता येते.